भाडं, टॅक्सी आणि हास्यरस

मागच्या व्याख्यानात आपण भरतमुनींच्या सहा हास्यांपाशी थांबलो होतो. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिली दोन उत्तम माणसांची, मधली दोन मध्यमांची, शेवटची दोन अधमांची. म्हणजे हसताना ज्याचे दात दिसत नाहीत तो थोर, आणि ज्याच्या डोळ्यांत पाणी येतं, खांदे गदागदा हलतात, तो खालचा. वर्षानुवर्षं मी हे वर्गात शिकवलं आणि कधी अडखळलो नाही. २०२३ च्या दसऱ्याला अडखळलो.

गिरगावात आमच्या घराखाली टॅक्सीस्टँड आहे. दसऱ्याला सकाळी गाड्या धुतात, झेंडूचे हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. रात्री मागच्या बोळात सतरंज्या टाकून पंगत बसते. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. चारपाच जण जौनपूर-प्रतापगढकडचे, दोघे रत्नागिरीचे, एक मंगळूरकडचे म्हातारे. मी त्यांचे काही अर्ज वगैरे लिहून दिले होते, म्हणून मला बोलावणं. जेवण होत आलं की गोष्टी सुरू होतात. भाषा अर्थातच मुंबईची हिंदी. मी इथे बहुतेक मराठीत सांगतो. त्यात निम्मी मजा जाते, त्याला इलाज नाही.

आधी एका शब्दाकडे लक्ष द्या. टॅक्सीवाला गिऱ्हाइकाला म्हणतो ‘भाडं’. पैशालाही भाडं, माणसालाही भाडंच. आणि आपण रस्त्यावरून काय ओरडतो? ‘ए टॅक्सी!’ एकजण दुसऱ्याला रक्कम समजतो, दुसरा पहिल्याला वाहन. दोघांमध्ये एक आरसा, त्यात फक्त डोळे दिसतात. या पंगतीतल्या सगळ्या गोष्टी तिथून येतात.

पहिली गोष्ट जुनी होती, सगळ्यांना पाठ. एक साहेब ठाकुरद्वारला बसले, ‘सीधा चलो’ म्हणाले आणि झोपले. ड्रायव्हर नवीन, गावाहून येऊन महिना झालेला. तो सीधा गेला. साहेब जागे झाले ते दहिसरला. त्यांचं घर होतं ऑपेरा हाउसला! (हशा) आता गंमत बघा. सांगणारा ‘दहिसर’ म्हणाला तसा कोपऱ्यातून एकजण ओरडला, ‘पिछले साल माहीम था!’ दुसरा म्हणाला, ‘अगले साल विरार जाएगा.’ गोष्ट खोटी आहे हे सर्वांना ठाऊक होतं, तरी कुणाचं काही बिघडलं नाही. मात्र मध्येच एका तरुण पोराने तीच गोष्ट पुढे न्यायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याला गप्प केलं. कारण तो नवीन ड्रायव्हर म्हणजे सांगणारा स्वतः होता. गोष्ट त्याच्या मूर्खपणाची, म्हणून सांगायचा हक्कही त्याचाच.

दुसरी मला सर्वांत आवडली. एक नवरा-बायको मागे भांडत होते. भांडण इतकं पेटलं की एका सिग्नलला बाई दार आपटून उतरल्या. पुढच्या सिग्नलला बाप्ये उतरले. प्रत्येकाला वाटलं, पैसे दुसरा देईल. ‘झगडा उनका, भाडा मेरा गया.’ मागच्या सीटवर मिठाईचा खोका राहिला होता. तासभर वाट पाहिली, कुणी आलं नाही. मग पेढे मोजले, भाड्यात वजा करत करत खाल्ले, शेवटी हिशेबात तीन पेढे जास्त निघाले. ‘तीन पेढा उधार है उनका मेरे पास.’ मंगळूरकडच्या म्हाताऱ्यांना ठसका लागला, कुणीतरी पाठ थोपटली. भरतमुनींच्या यादीत ते अधम.

हॉब्ज म्हणतो, हसणं म्हणजे अचानक वाटलेला स्वतःचा मोठेपणा. दुसऱ्याचं उणं दिसलं की आपण फुलतो. हे मत निदान त्या पंगतीत टिकलं नाही. ज्या गोष्टींत ड्रायव्हर जिंकला, दारुड्याला कसा धडा शिकवला, घासाघीस करणाऱ्याला कसं उतरवलं, त्या फिक्या पडल्या. लोक तोंडदेखले हसले आणि पुरी मागू लागले. खरं हसू आलं ते सांगणारा फसला तिथे. पण तेवढ्यावर मी त्यांना संत ठरवणार नाही. फसवणूक साठसत्तर रुपयांची होती, म्हणून हसू परवडलं. कर्जाच्या हप्त्याची गोष्ट कुणी सांगितली नाही. आणि हीच माणसं गाडीत आपल्याला या गोष्टी सांगत नाहीत. सिनेमानेही त्या ऐकल्या नाहीत. १९५४ च्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’मध्ये देव आनंद रुबाबदार नायक, १९७८ च्या ‘गमन’मध्ये फारूख शेख गावाकडे डोळे लावून बसलेला. दोन्ही चित्रपट मला आवडतात. पण पेढे मोजणारा माणूस दोन्हींत नाही.

तिसरी गोष्ट. एक प्रोफेसर टॅक्सीत बसले, ‘चलो’ म्हणाले आणि फोनवर बोलू लागले. विषय, दुसऱ्याचं ऐकून घेणं ही केवढी मोठी साधना आहे. ड्रायव्हरने तीनदा विचारलं, ‘साहब, जाना कहाँ है?’ साहेबांनी तीनदा हात केला, थांब जरा. शेवटी त्याने एक फेरी मारून गाडी पुन्हा स्टँडवर आणली. साहेबांनी मीटरप्रमाणे पैसे दिले, थँक यू म्हणाले, उतरले आणि इकडेतिकडे बघत उभे राहिले. (हशा)

तुम्ही हसलात, तसाच मीही हसलो, दात दाखवून. मग बोळ जरा शांत झाल्यासारखा वाटला. सांगणारा माझ्याकडे बघून घाईने म्हणाला, ‘सर, वो आप नहीं थे.’

मी विचारलं नव्हतं. खरोखर मी नव्हतो, असं मला वाटतं. पण कॉलेजला जाताना याच स्टँडवरून मी वर्षानुवर्षं टॅक्सी केली, आणि गाडीत मी काय बोललो, कुणी मला काय विचारलं, यातलं एकही वाक्य मला आठवत नाही.

बर्गसाँ १९०० सालच्या ‘हास्य’ या पुस्तकात एक किस्सा देतो. प्रवचनाला सगळे रडत होते, एकजण कोरडा. का रे, विचारलं तर म्हणाला, मी या चर्चच्या वस्तीतला नाही. हसण्याचंही तसंच, असं बर्गसाँला म्हणायचं आहे. हसू नेहमी एका गटाचं असतं. मी बोळातल्या वस्तीतला नव्हतो, तरी हसलो. ते मला सामील करून घेणं होतं, की माझ्याच खर्चाने पंगत हसली? भरतमुनी हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे भेद करतात, स्वतः हसणं आणि दुसऱ्याला हसवणं. ज्याच्यावर गोष्ट बेतली तोच समोर बसून हसतो आहे, त्याला कुठे बसवायचं? मला अजून जागा सापडलेली नाही.

त्या रात्री एक गृहस्थ काहीच बोलले नाहीत. त्यांची पद्मिनी बऱ्याच वर्षांपूर्वी भंगारात गेली. आता दुसऱ्याची गाडी पाळीवर चालवतात. २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही पुढच्याच आठवड्यात वीस वर्षं भरून रस्त्यावरून उतरायची होती. यांनी जुन्या गाडीचा लोखंडी मीटर जपून ठेवला आहे. सकाळी पूजेत इतर गाड्यांच्या शेजारी तोही हार घालून मांडला होता. पोरांनी आग्रह केला, ‘चाचा, आप भी सुनाओ.’ त्यांनी श्रीखंडाचं पातेलं उचललं आणि माझ्यापासून वाढायला सुरुवात केली.

वेळ झाली आहे. पुढच्या शनिवारी कांट. प्रश्न असतील तर आत्ता विचारा. आज मी ऐकून घेणार आहे.