वर्गखोली आणि अध्ययन : एका निष्कर्षाची मर्यादा

सॅल्फर्ड विद्यापीठाचे पीटर बॅरेट व त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली इंग्लंडमधील २७ प्राथमिक शाळांतील १५३ वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या वार्षिक प्रगतीत जी तफावत आढळते, तीपैकी १६ टक्के वर्गखोलीच्या गुणांशी निगडित आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ‘चांगल्या खोलीत विद्या १६ टक्क्यांनी वाढते’ असा त्याचा अर्थ लावणे ही सरळ चूक होय.

या संशोधनाचे खरे बळ निराळेच आहे. तेथील मूल वर्षभर बहुतेक वेळ एकाच खोलीत शिकते. म्हणूनच खोलीचा परिणाम वेगळा काढता आला. आमचा पदव्युत्तर विद्यार्थी तासागणिक खोली बदलतो. त्याच्याविषयी हा अभ्यास काही सांगत नाही.

त्यांच्या गणितात अखेर टिकलेल्या सात घटकांत प्रकाश, तापमान व हवा आहेत, ध्वनी नाही. विदर्भातील एप्रिलात मात्र पश्चिमेच्या खिडकीवर पडदा ओढावा लागतो, भर दुपारी दिवे लावावे लागतात, आणि पंख्यांच्या घरघरीत व्याख्यान मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही! उजेड, गारवा व श्रवण येथे परस्परांच्या मुळावर उठतात. ध्वनी वगळून केलेले मोजमाप आमच्या व्याख्यानगृहांना लावणे म्हणूनच मला मान्य नाही.