नजर पडद्यावर, अंगठा बटणावर

कोडीच्या पहिल्या पडद्यावर बाण नसतो. माऊसचा तो छोटा बाण पाहायची डोळ्यांना इतकी सवय झालेली असते, की तो इथे नाही हे आधी लक्षातही येत नाही. डावीकडे एक उभी यादी: चित्रपट, मालिका, संगीत, छायाचित्रे. उजवीकडे पोस्टरांच्या आडव्या रांगा. आणि या सगळ्यात, कुठल्याही क्षणी, एकच गोष्ट उजळलेली. रिमोटवरचे खालचे बटण दाबले की उजेड एक घर खाली सरकतो, उजवे दाबले की रांगेत शिरतो. हॉलमधल्या टीव्हीला जोडलेला संगणक सोफ्यावर बसून कसा चालवायचा, या प्रश्नाची बरीच उत्तरे गेल्या वीसेक वर्षांत निघाली. त्यांत मला हे सर्वांत देखणे वाटते. वरवर पाहता कोडी हे टीव्हीवर सिनेमा-संगीत चालवणारे, फुकट मिळणारे एक सॉफ्टवेअर. पण त्याची एकेक खोड जवळून पाहावी अशी आहे.

आधी त्या नसलेल्या बाणाबद्दल. माऊस टेबलासाठी जन्मला. त्याला टेकायला सपाट जागा लागते आणि नेम धरायला जवळचा डोळा. लक्ष्य जितके लांब आणि जितके लहान, तितका तिथे पोचायला वेळ अधिक, हे पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच सूत्रात मांडून ठेवले. आता खिडकी बंद करायची ती कोपऱ्यातली फुली दहा फुटांवरून पाहा आणि माऊस उशीवर ठेवून तिच्यावर नेमका न्यायचा प्रयत्न करा. उजळलेल्या घराच्या पद्धतीत नेम धरण्याचा प्रश्नच उरत नाही. अंतर इंचांत नाही, बटणाच्या दाबांत मोजले जाते. तीन दाब खाली, एक उजवीकडे. हात एकदा शिकला की डोळ्यांना त्यात पडावे लागत नाही.

सोफ्यावरच्या कुठल्याही साधनाची पारख मी या एका कसोटीवर करतो: ते वापरताना नजर पडद्यावरून खाली येते का? फोडणी करणाऱ्या बाईचा हात मिसळणाच्या डब्यात न बघता मोहरीच्या वाटीकडे जातो, तसा अंगठा रिमोटवर गेला पाहिजे. सिनेमा चालू आहे, दिवे मालवलेले आहेत, चार माणसे एकत्र बसली आहेत. त्यातल्या एकाने खाली मान घालून हातातल्या वस्तूत काहीतरी शोधायला सुरुवात केली की सगळ्यांचीच बैठक मोडते.

कोडी या कसोटीला उतरते याचे मूळ त्याच्या जन्मात आहे. २००२ साली काही हौशी प्रोग्रामरांनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळयंत्रावर चित्रफिती चालवणारा एक प्लेअर लिहिला. कंपनीची त्याला संमती नव्हती. यंत्रात फेरफार करून तो चालवावा लागे. पुढे त्याचे एक्सबॉक्स मीडिया सेंटर झाले आणि २००४ साली पहिली पक्की आवृत्ती आली. यंत्राची ताकद म्हणाल तर ७३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि ६४ मेगाबाइट मेमरी. लोकांच्या हातात होता खेळाचा कंट्रोलर, नाहीतर डीव्हीडीसाठी वेगळा मिळणारा रिमोट. माऊसच्या भरवशावर एखादा पडदा रचून मोकळे होण्याची सोय लिहिणाऱ्यांना नव्हती. त्यामुळे एक शिस्त पहिल्या दिवसापासून अंगी बाणली: चार दिशा, एक होकार, एक माघार, एवढ्यात सगळे बसले पाहिजे. एक्सबॉक्सशी नाते तुटल्यावर २०१४ साली नाव बदलून कोडी झाले, संगणकापासून फोनपर्यंत सगळीकडे ते पोचले, पण ती शिस्त सुटली नाही.

कमी बटणांची ही परंपरा तशी जुनी आहे. झेनिथ कंपनीसाठी रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी घडवलेला स्पेस कमांड हा १९५६ चा रिमोट चार बटणांचा होता. त्यात बॅटरीसुद्धा नव्हती. बटण दाबले की आतल्या धातूच्या कांडीवर आघात होई आणि माणसाला ऐकू न येणारा तिचा नाद टीव्ही ओळखत असे. अ‍ॅपलने २००५ साली फ्रंट रो या सॉफ्टवेअरसोबत दिलेला सहा बटणांचा पांढरा रिमोट त्याच कुळातला. मायक्रोसॉफ्टचे विंडोज मीडिया सेंटरही चांगले होते, हिरव्या बटणाच्या रिमोटसह. पण फ्रंट रो २०११ साली गेले, मीडिया सेंटर विंडोज १० मध्ये राहिले नाही. दोन्ही कंपन्यांच्या हिशेबात ती चीज बसली नाही. कोडी स्वयंसेवकांच्या हातात होते म्हणून टिकले, असे मला वाटते.

आता सिनेमा सुरू करू. इथून पुढे या रचनेची खरी मजा आहे.

सिनेमा पूर्ण पडद्यावर चालू असताना त्याच बटणांचे अर्थ बदलतात. मधले बटण दाबले की नियंत्रणांची पट्टी उमटते. वरचे बटण पुढच्या प्रकरणावर नेते, प्रकरणे पाडलेली नसतील तर दहा मिनिटे पुढे. आणि डावे-उजवे? त्या दोन बटणांत जो विचार ओतला आहे तो पाहून मी दर वेळी खूश होतो.

उजवे एकदा दाबा: दहा सेकंद पुढे. लागोपाठ दोनदा दाबा: वीस नव्हे, तीस सेकंद. तिसऱ्या दाबाला एक मिनिट, चौथ्याला तीन मिनिटे. टप्पे लांबत जातात. प्रत्येक दाबाला चित्र उड्या मारत नाही. कोडी साधारण पाऊण सेकंद थांबते, तुमचे दाबणे संपले याची खात्री करून घेते आणि मग एकदाच झेप घेते. दरम्यान पडद्यावर आकडा दिसत असतो. जास्त झाले? डावे एकदा दाबा. एका मिनिटाचा बेत तीस सेकंदांवर येतो. म्हणजे उडी मारण्याआधीच ती दुरुस्त करता येते. मला वाटते, माणूस सिनेमा कसा पाहतो हे कुणीतरी नीट पाहिले आहे. पुटपुटलेला संवाद निसटला की दहा सेकंद मागे जायचे असते, एका दाबाचे काम. नको असलेले गाणे ओलांडायचे तर तीन-चार मिनिटे, चार दाब. ज्या दोन गरजा सर्वांत जास्त पडतात त्या सर्वांत हाताशी ठेवल्या आहेत, आणि त्यासाठी एकही जादा बटण घेतलेले नाही. धरून ठेवलेल्या बटणाने चित्र पळवत न्यायचे आणि नेमक्या जागी बोट उचलायचे, ही जुनी पद्धत यापुढे धसमुसळी वाटते. सेटिंगमध्ये हे टप्पे आपल्या मनासारखे बदलताही येतात, पण मी मूळचेच ठेवले आहेत.

माघारीच्या बटणातही असाच समजूतदारपणा आहे. चालू सिनेमात ते दाबले की सिनेमा बंद होत नाही. तो मागे चालू राहतो आणि त्याच्यावर याद्या येतात. एखाद्या नटाचे आणखी काय आपल्याकडे आहे ते पाहून पुन्हा सिनेमात शिरता येते. यादीतून एखाद्या फोल्डरमध्ये शिरून परत आलात की उजेड त्याच फोल्डरवर असतो. पुन्हा पहिल्या ओळीपासून खाली येण्याची शिक्षा नाही. लांबलचक यादीत रिमोटवरचे आकडे जुन्या मोबाइलच्या एसएमएसप्रमाणे अक्षरे होतात: ७ दाबत गेले की पी, क्यू, आर, एस. निवडलेल्या गोष्टीचा कॉन्टेक्स्ट मेनू हवा असेल तर मधले बटण जरा जास्त वेळ दाबून धरायचे. बटणे वाढवायची नाहीत, दाबाचा काळ आणि जागा यांतूनच अर्थ वाढवायचे, हे धोरण सगळीकडे एकसारखे पाळलेले आहे. कोडीच्या पोटात असते एक साधी मजकूर-फाइल, कीमॅप नावाची. कुठल्या पडद्यावर कुठले बटण काय करेल ते तिच्यात लिहिलेले असते आणि ते कुणीही बदलू शकतो. घरात कानाने कमी ऐकणारे कुणी असेल, तर रिमोटवरचे निळे बटण सबटायटल्ससाठी राखून ठेवता येते. हे करून द्यायला दहा मिनिटे लागतात आणि त्या माणसाचे सिनेमा पाहणे पुन्हा सुरू होते.

हे सगळे टीव्हीच्याच रिमोटने चालावे, यात आणखी एक आनंद आहे. अंगठा बटण दाबतो. रिमोटच्या टोकाचा दिवा डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात लुकलुकतो, बहुतेक रिमोटमध्ये सेकंदाला ३८ हजारांच्या आसपास स्पंदनांनी. टीव्ही ते ओळखतो. आणि मग एचडीएमआयची केबल, जी चित्र आणि आवाज संगणकाकडून टीव्हीकडे आणते, तीच उलट दिशेने निरोप नेते. तिच्यातली तेरावी पिन यासाठीच राखलेली असते; त्या व्यवस्थेचे नाव सीईसी. ती तार फार सावकाश चालते, सेकंदाला सुमारे ४०० बिट. एक बटण दाबल्याचा निरोप पोचायला पाऊणशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. ज्या केबलमधून सेकंदाला अब्जावधी बिटांचे चित्र धावते आहे, तिच्यातच हा संथ निरोप्या चालतो, आणि अंगठ्याला तेवढा वेग पुरतो. २०१२ साली आलेल्या रास्पबेरी पाय या ३५ डॉलरच्या संगणकात सीईसीची सोय मुळातच होती, म्हणून तो आणि कोडी यांची जोडी इतकी जमली. टीव्हीच्या मागे चिकटवलेला पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक, आणि घरात नवा रिमोट एकही नाही.

घरात नेहमीचा डेस्कटॉप संगणक असेल तर मात्र ही सोय बहुधा मिळत नाही. अशा संगणकांच्या ग्राफिक्स कार्डांत सीईसी सहसा नसते. त्यासाठी पल्स-एट या कंपनीचा जोड मिळतो. किंवा फ्लर्क हा बोटाएवढा यूएसबी ग्राहक (रिसीव्हर) लावता येतो, जो कुठल्याही जुन्या रिमोटची बटणे शिकतो आणि संगणकाला सांगतो की हा कीबोर्डच आहे. कपाटात पडलेल्या बंद डीव्हीडी प्लेअरच्या रिमोटला असे नवे काम देता येते.

या रचनेचा दुबळा भाग कुठला, तर टंकलेखन. पडद्यावरच्या कीबोर्डवर बाणांनी एकेक अक्षर गाठत ‘श्वास’ हा सिनेमा शोधणे कंटाळवाणे आहे. इथे फोन मदतीला येतो. कोडीच्याच मंडळींचे कोरे हे अ‍ॅप, किंवा याट्झी, घरच्या वाय-फायवरून मजकूर थेट पडद्यावर पाठवते. मग नाव फोनच्या ओळखीच्या कीबोर्डवर टंकता येते. संग्रह चाळायला, रात्री काय पाहायचे ते चहा घेताना ठरवायलाही फोन उत्तम. पण सिनेमा चालू असताना तो माझ्या कसोटीला उतरत नाही. अंधारात त्याची काच उजळते, कुलूप उघडावे लागते, गुळगुळीत काचेवर अंगठ्याला कडा सापडत नाही, म्हणून नजर खाली जातेच. तोवर एखाद्याचा संदेश आलेला असतो. फोनला शोधापुरते बोलवावे आणि सिनेमा सुरू झाला की पालथा ठेवावा.

स्पर्शपट्टी असलेले बिनतारी कीबोर्ड, लॉजिटेकचा के-४०० यांसारखे, मांडीवर छान बसतात आणि ब्राउझर वापरायचा असेल तर त्यांना पर्याय नाही. पण ब्राउझर हा सोफ्याचा प्राणीच नव्हे. ते लागतील त्या दिवशी काढावेत. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: त्यांचा छोटा ग्राहक टीव्हीमागच्या संगणकाच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात खुपसला की कीबोर्ड अडखळतो. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास पसरतो, हे इंटेलनेच २०१२ साली दाखवून दिले आहे. यूएसबीची एक वीतभर वायर लावून ग्राहक पुढे आणला की अडचण सुटते.

कोडीची काहीही फी नाही. घरात एखादा जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय पडून असेल तर त्याच्यावर कोडी, किंवा कोडी पोटात घेऊन येणारे लिब्रेइलेक, घाला. सिनेमांच्या फोल्डरना नावासोबत साल द्या, ‘श्वास (२००४)’ असे, म्हणजे पोस्टर आणि माहिती ते बहुधा आपोआप आणते. लॅपटॉप असेल तर बहुधा वर सांगितलेला जोड किंवा फ्लर्क लागेल; रास्पबेरी पाय असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी शोधा. तिथे ते या नावाने दिसणार नाही: सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणते, सोनी ब्राव्हिया सिंक, एलजी सिंपलिंक, पॅनासॉनिक व्हिएरा लिंक. ते बंद असेल तर सुरू करा, आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या हातात रिमोट देऊन पहिला सिनेमा त्यांनाच निवडू द्या.