गोलानच्या सीमेवरील ‘चांगला शेजारी’ : एका लष्करी जमाखर्चाची चिकित्सा

सीरियांतील यादवीच्या काळांत इस्रायलच्या लष्करानें गोलानच्या कुंपणापलीकडील प्रजेस जें साहाय्य केलें, त्यासंबंधीं त्याच लष्करानें प्रसिद्ध केलेलीं निवेदनें हें आज त्या प्रकरणाचें मुख्य साधन होऊन बसलें आहे. त्यांच्या आधारें होणाऱ्या विवेचनांत एका पक्षास सर्वत्र भूतदया दिसते, दुसऱ्यास सर्वत्र कपट. आंकडे मात्र दोघेही तेच घेतात. ते कोणीं, कोठें व कशासाठीं मोजले, एवढाच विचार येथें कर्तव्य आहे.

प्रथम निर्विवाद गोष्टी. गोलानचें पठार १९६७ सालीं इस्रायलनें घेतलें. १९७४ च्या करारानें दोन सैन्यांमध्यें संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालचा पट्टा राहिला. तह असा झालाच नाहीं. फेब्रुवारी २०१३ मध्यें सात जखमी सीरियन कुंपणापाशीं आले, त्यांस सफेद गांवच्या झिव्ह रुग्णालयांत नेण्यांत आलें. पुढें ही वाट रुळली. जून २०१६ मध्यें तिला ‘चांगला शेजारी’ हें नांव व स्वतंत्र व्यवस्था लाभली. ऑगस्ट २०१७ मध्यें सीमेवर दवाखानाही निघाला. जुलै २०१८ मध्यें असदच्या सैन्यानें कुनेत्राचा मुलूख परत घेतला व सप्टेंबरांत मोहीम संपल्याचें जाहीर झालें. अखेरच्या हिशेबाप्रमाणें इस्रायलांत ४,९०० हून अधिक सीरियनांवर उपचार झाले, पैकीं सुमारें १,३०० मुलें. खेरीज जुलैच्या यादींत १,५२४ टन अन्न, २५० टन कपडे व ९,४७,५२० लिटर इंधन आहे.

इंधनाचा हा आंकडा पाहावा. तो इतका नेमका कां? कारण माप कुंपणाच्या अलीकडे, देणाऱ्याच्या हातीं झालें. पेशवे दफ्तरांत श्रावणमासच्या दक्षिणेचा खर्च सांपडतो. पण ती दक्षिणा घेऊन ब्राह्मण घरीं गेल्यावर त्या घरांत काय झालें, हें दफ्तर सांगत नाहीं. येथेंही तेंच. पलीकडे पोंचलेलें पीठ कोणाच्या चुलीपर्यंत गेलें, कोणत्या नाक्यावर कोणीं अडविलें, सशस्त्र टोळीच्या नायकानें त्यांतून किती उचललें, याची नोंद ह्या जमाखर्चांत नाहीं. म्हणून हा पुरावा दिल्याचा आहे, मिळाल्याचा नव्हे. आणि दोन्ही पक्ष तो मिळाल्याचा म्हणून वापरतात.

दुसरा मुद्दा नांवाचा. कौटिल्याच्या मंडलांत ज्याची भूमि आपल्या भूमीस लागून तो राजा स्वभावतःच अरि. तेव्हां शेजारी आणि चांगला, हा त्याच्या मतें वदतोव्याघात. परंतु त्याच ग्रंथाच्या पहिल्या अधिकरणांत परराज्यांतील असंतुष्ट लोकांस आपलेसें करून घेण्याचें प्रकरण आहे, आणि तेथें राजा व त्याची प्रजा यांत भेद पाडलेला आहे. गोलानवर नेमका हाच भेद पाडला गेला. सीमेवर शांतता राहावी हाही हेतु होता, हें लष्करानें लपविलें नाहीं. लपविलें तें निराळेंच. सीमेलगतच्या बंडखोरांस हलकीं शस्त्रें दिल्याची कबुली सेनाप्रमुख आयझेनकोट यांनीं जानेवारी २०१९ मध्यें, मोहीम संपल्यावर दिली. पीठ व औषधें ज्या जमाखर्चांत मांडलीं त्यांत बंदुका नाहींत. एका हातानें लिहिलेल्या वहींतील हें गाळलेलें पान होय. त्यावरून पीठ खोटें ठरत नाहीं. पण वही पुरी नव्हे, हें ठरतें.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शांतिपर्वांत भीष्म सांगतात कीं, जखमी शत्रूवर आपल्या राज्यांत उपचार करावे किंवा त्यास त्याच्या घरीं पोंचवावें, आणि व्रण भरल्यावर सोडून द्यावें. येथें उपचारही झाले, घरींही पोंचविलें. परंतु भीष्मांच्या वचनांत तें घर सुरक्षित आहे असें गृहीत आहे. सीरियाच्या कायद्यानें इस्रायलशीं संबंध ठेवणें हा गुन्हा होता. बरा झालेला मनुष्य परत जाई तो ह्या गुन्ह्यासह. म्हणून रुग्णांचीं नांवें झांकलीं जात. अशा स्थितींत जुलै २०१७ मध्यें लष्करानें स्वतःच मोहिमेची मोठी प्रसिद्धि केली. ती कोणाच्या हितासाठीं? पलीकडे मुलाला घेऊन बसलेल्या मातेच्या हितासाठीं खचित नव्हे. अलीकडेही धोका होताच : जून २०१५ मध्यें मजदल शम्सजवळ द्रूझ जमावानें जखमींची गाडी अडवून एका सीरियनास ठार केलें, कारण गाडींत आपल्या बांधवांचे वैरी आहेत असा त्यांचा समज होता.

तेव्हां दयेच्या पक्षास रुग्ण खरेच बरे झाले एवढें द्यावें, आणि कपटाच्या पक्षास हेतु मिश्र होता एवढें द्यावें. त्यापुढें जाण्यास घेणाऱ्यांची साक्ष लागते, आणि ती आजवर नांव झांकूनच, बहुधा देणाऱ्याच्या रुग्णालयांत घेतलेली आहे. डिसेंबर २०२४ मध्यें असदची सत्ता कोसळली व सीरियांतील दफ्तरें कांहीं अंशीं उघडीं पडलीं. पण त्याच महिन्यांत इस्रायलचें सैन्य मधल्या पट्ट्यांत उतरलें. यापुढें कुनेत्राच्या गांवांतून जी साक्ष मिळेल, तिच्यावर ती कोणत्या महिन्यांत, कोणाच्या पहाऱ्याखालीं व कोणत्या भाषेंत घेतली हें घेणारानें प्रथम लिहून ठेवावें.