धान्यसंरक्षणातील ‘नैसर्गिक’ या शब्दाची चिकित्सा

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या कोंभाळणे गावी गावरान बियाण्यांची पेढी उभारणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यानंतर मडकी, राख व कडुनिंबाचा पाला यांविषयी पुष्कळ गौरवपर लेखन झाले. राहीबाईंच्या कार्याचे मोल वादातीत आहे. तथापि अशा लेखनात एक गृहीत सहजपणे शिरते : जे नैसर्गिक ते निर्धोक, आणि जे जुने ते सिद्ध. प्रस्तुत टिपणात त्याचीच तपासणी करावयाची आहे.

प्रथम या उपायांमागील कारणे पाहू. भुंगेऱ्याची मादी कडधान्याच्या दाण्यावर अंडी घालते. तुरीला तेलाचा हात लावला की अंड्यांस हवा मिळत नाही व ती निकामी होतात. बारीक राख किड्याच्या अंगावरील मेणचट आवरण खरवडते. शरीरातील ओलावा उडून तो मरतो. पेवात दाणे व किडे यांच्या श्वसनाने प्राणवायू घटून कर्बद्विप्राणिद वाढतो. उघडलेल्या पेवात लगेच उतरू नये, हा दंडक त्यामुळेच पडला. येथे गुण नैसर्गिकपणाचा नसून गुदमरण्याचा व कोरडेपणाचा आहे. जिल्ह्यातील कांदाचाळही हेच सांगते : नीट सुकवलेला उन्हाळी कांदा खालून व बाजूंनी खेळत्या हवेवर महिनोन्‌महिने टिकतो, तो कोणत्याही औषधावाचून.

कडुनिंबाची गोष्ट निराळी आहे. त्यातील अॅझाडिरॅक्टिन हे द्रव्य मुख्यतः निंबोळीच्या बीत असते, पाल्यात अल्प. शिवाय ते उन्हाने विघटित होते. १९६२ साली दिल्लीत टोळधाडीपासून पिके वाचविणारे जे प्रयोग झाले, तेही निंबोळीच्या गरावर. म्हणजे पाल्यावरील विश्वास पुराव्याच्या पुढे गेला आहे. आणि अॅझाडिरॅक्टिन हेही एक रसायनच होय. तेव्हा ‘निसर्ग विरुद्ध रसायन’ ही मांडणीच टिकत नाही.

याहून गंभीर प्रश्न निर्धोकपणाचा. वेखंडातील अॅसरोनमुळे प्रयोगशाळेतील उंदरांस अर्बुदे झाल्याचे आढळले आहे. तांदळाला चोळलेली बोरिक पावडर व धान्यात टाकलेल्या पाऱ्याच्या गोळ्या यांना आपल्या घरांतून ‘घरगुती’ म्हटले जाते. पण घरगुती म्हणजे निरुपद्रवी नव्हे. पारा तर उघड विष आहे.

याचा अर्थ रसायनांची बाजू निर्दोष आहे, असा मुळीच नाही. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा वायू हवाबंद वखारीत प्रभावी ठरतो. राहत्या घरात तोच माणसांचे प्राण घेतो. शिवाय काही किडी त्याला दाद देईनाशा झाल्या आहेत.

मूळ घोटाळा हेतूंच्या सरमिसळीचा आहे. बियाण्यास उगवणशक्ती हवी, खाण्याच्या धान्यास शुद्धता, व्यापारी मालास टिकाऊपणा. राहीबाईंच्या मडक्यातील राख बियाण्यास योग्य. ती हजार पोत्यांच्या वखारीस लागू पडत नाही, आणि तशी अपेक्षा करणे हा त्या परंपरेवरच अन्याय आहे.

म्हणून अभ्यासकाने प्रत्येक उपायास चार प्रश्न विचारावेत : कोणत्या किडीवर, कोणत्या धान्यात, किती ओलाव्यावर आणि खाणाऱ्याच्या शरीरात काय शिल्लक ठेवून? कौतुकाने परंपरेचा मान राखला जातो. ती टिकते मात्र परीक्षेने. जिच्या शहाणपणावर आपण लिहितो, त्या गृहिणीने हे प्रश्न आपल्या कणगीपाशी पिढ्यान्‌पिढ्या विचारलेच आहेत. आपण ते विचारणे टाळू नये.