प्रवासवर्णनांतील कोबे

जपानचें प्रवासवर्णन लिहिणारा आपला लेखक बहुधा बंदराशीं फार वेळ थांबत नाहीं. क्योटोचीं देवळें, नारा येथील हरणें, फुजीचें शिखर, चहापानाचा विधि आणि फुलांची मांडणी ह्यांना तो पानेंच्या पानें देतो. आणि जेथें जहाजें बांधलीं जातात, पोलाद ओतलें जातें, परदेशचा माल उतरतो, त्या शहराची बोळवण दोन वाक्यांत होते. पहिल्या वाक्यांत धूर असतो, दुसऱ्यांत गर्दी. हल्लींच्या प्रवाशाला तर एवढेंहि पाहावें लागत नाहीं. वेगवान आगगाडी एका बोगद्यांतून बाहेर येते, शिन-कोबे स्थानकावर क्षणभर उभी राहते आणि दुसऱ्या बोगद्यांत शिरते. रोक्को डोंगराच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत पसरलेलें सबंध कोबे शहर त्याच्या प्रवासांत तेवढ्या क्षणापुरतें येतें.

ही केवळ रुचीची गोष्ट असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. ज्याला देवळें आवडतात त्यानें देवळें पाहावीं. परंतु कोबेच्या बाबतींत वाचक म्हणून आमचा एक हक्क आहे, आणि तो कापसाचा आहे. आम्ही हें कळमनुरीहून लिहीत आहों. पैनगंगा आणि कयाधू ह्या नद्यांमधला हा काळ्या जमिनीचा तालुका पूर्वी परभणी जिल्ह्यांत होता, १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यांत आहे. आज येथें सोयाबीन आणि हळद ह्यांनीं कापसाची बरीच जागा घेतली आहे. पण वऱ्हाड, खानदेश आणि निजामाच्या राज्यांतला मराठवाडा येथला आखूड धाग्याचा कापूस एके काळीं मुंबईच्या बाजारांत 'ऊमरा' ह्या एकाच नांवानें विकला जाई. उमरावतीवरून तें नांव पडलें. हिंगोलीस आगगाडी १९१२ सालीं आली. तोंपर्यंत आणि पुढेंहि बैलगाडी होतीच. एकदां सरकी निघाली, रुई दाबली गेली आणि गाठ बांधली गेली कीं तिच्यावर गांवाचें नांव उरत नसे. त्या गाठींपैकीं पुष्कळ कोबेच्या धक्क्यावर उतरत आणि तेथून ओसाकाच्या गिरण्यांत जात. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत बहुतेक काळ जपान हेंच हिंदी कापसाचें सर्वांत मोठें परदेशी गिऱ्हाईक होतें. तेव्हां कोबेविषयीं कोणी लिहिलें म्हणजे आपल्याच दारावरून गेलेल्या मालाची पुढची हकीकत त्यानें सांगावी, अशी अपेक्षा आम्हीं केली तर ती अवाजवी होणार नाहीं.

ह्या दृष्टीनें १८९३ हें वर्ष मोठें चमत्कारिक आहे. त्या वर्षीं ३१ मे रोजीं स्वामी विवेकानंद मुंबईहून निघाले. नागासाकी करून ते कोबेस पोहोंचले, आणि देशाचा आंतला भाग पाहावा म्हणून तेथें बोट सोडून जमिनीच्या वाटेनें योकोहामाला गेले. १० जुलैला तेथून त्यांनीं आपल्या मद्रासच्या मित्रांना लिहिलेलें पत्र प्रवासवर्णन म्हणूनहि वाचनीय आहे. ओसाकाची ओळख ते कारखान्यांचें शहर म्हणून करून देतात. देवळांच्या भिंतींवरचे संस्कृत मंत्र पाहतात आणि त्याच उत्साहानें आगकाड्यांचे कारखानेहि पाहतात. संन्याशाला देऊळ आणि कारखाना ह्यांमध्यें सोवळेंओवळें वाटलें नाहीं, ही त्या पत्राची खरी गोडी. मात्र पत्राचा रोख उपदेशाचा आहे. आपल्या तरुणांनीं येथें यावें, हें पाहावें, शिकावें. कारखाना हा त्यांना धडा म्हणून दिसतो. त्या कारखान्यांच्या देशाशीं आपला देणेंघेणें म्हणून काय संबंध आहे, हा प्रश्न पत्रांत येत नाहीं.

तो प्रश्न घेऊन आलेला माणूस त्याच वेळीं जपानांत होता. जमशेटजी टाटा आणि स्वामीजी योकोहामाहून एकाच बोटीनें अमेरिकेकडे गेले. मुंबईहून पूर्वेकडे जाणाऱ्या मालाची वाहतूक तेव्हां पी. अँड ओ. आणि तिच्या जोडीच्या दोन युरोपीय कंपन्यांच्या मुठींत होती. टाटांनीं निप्पोन यूसेन काइशा ह्या जपानी कंपनीशीं हातमिळवणी केली, आणि ७ नोव्हेंबर १८९३ रोजीं 'हिरोशिमा मारू' ही बोट कोबेहून मुंबईकडे निघाली. टाटांचा दर टनामागें १२ रुपये. तो मोडण्यासाठीं पी. अँड ओ.नें आपला दर दीड रुपयापर्यंत खालीं आणला! जपानी सूतगिरण्यांच्या संघानें आपला कापूस ह्याच मार्गानें आणण्याचें वचन दिलें होतें, तें पाळलें. इकडे मुंबईचे व्यापारी स्वस्त भाड्याच्या मागें धांवले. १८९५ मध्यें टाटांच्या बोटी बंद झाल्या. जपानी कंपनीच्या चालू राहिल्या. पुढच्याच वर्षीं जपाननें परदेशी कापसावरची जकात उठविली. दोन राष्ट्रांच्या स्वभावांतला भेद इतक्या थोडक्यांत दाखविणारी दुसरी हकीकत क्वचितच सांपडेल. पण ती चरित्रांत आणि कंपन्यांच्या इतिहासांत वाचावी लागते. प्रवासवाङ्मयाला तिचा स्पर्श नाहीं.

ही पार्श्वभूमि ध्यानांत ठेवून रवींद्रनाथांचें 'जापान-यात्री' वाचलें पाहिजे. कोबेविषयीं हिंदी लेखकानें लिहिलेलीं सर्वांत समर्थ पानें त्या बंगाली पुस्तकांत आहेत, म्हणून टीकेचा भारहि त्यांनींच सोसावा हें योग्य. ३ मे १९१६ रोजीं कलकत्त्याहून 'तोसा मारू' ह्या जपानी बोटीनें ते निघाले. बरोबर अँड्र्यूज, पीअर्सन आणि तरुण चित्रकार मुकुल दे. २९ मे रोजीं ते कोबेस उतरले. वाटेंतलीं पत्रें 'सबुज पत्र' मासिकांत आलीं आणि १९१९ मध्यें पुस्तकरूप झालीं.

ह्या पुस्तकांत हाँगकाँगच्या धक्क्याचें एक वर्णन आहे. बोटीवर माल चढविणारे चिनी मजूर कवि पाहत राहतो. त्यांच्या कसलेल्या शरीरांत एकहि हालचाल फुकट जात नाहीं, कामाचा एक ताल आहे, आणि त्या तालांत कवीला संगीताचा आनंद मिळतो. अशा माणसांचा देश उद्यां जगांत काय करील, हा विचारहि त्याच्या मनांत येतो. बंदर हें वाङ्मयाचा विषय होऊं शकत नाहीं असें म्हणणाऱ्यानें हें वर्णन अवश्य वाचावें.

आणि मग कोबे येतें. वर्तमानपत्रांच्या बातमीदारांच्या गर्दींतून सुटून कवि एका गुजराती व्यापाऱ्याच्या घरीं उतरतो आणि खिडकींतून बाहेर पाहतो. समोर शहर, त्यापलीकडे समुद्र. हें जपान त्याला लोखंडाचें वाटतें, रक्तामांसाचें वाटत नाहीं. चिनी चित्रांतल्या भयंकर नागराक्षसासारखें हें शहर हिरवी पृथ्वी गिळून बसलें आहे आणि दाटीनें बसलेलीं छपरें त्याच्या पाठीवरच्या खवल्यांसारखीं उन्हांत चकाकत आहेत, अशा आशयाचें तें चित्र आहे. चित्र प्रभावी आहे ह्यांत शंका नाहीं. त्यामागचा निर्णयहि पोकळ नव्हता. त्याच वर्षीं जपानांतल्या व्याख्यानांतून रवींद्रनाथांनीं राष्ट्रवादाच्या यंत्राविषयीं जो इशारा दिला तो तेथें अनेकांना रुचला नाहीं, आणि पुढच्या तीस वर्षांनीं तो किती खरा होता हें दाखविलें. संस्कृतीचा टीकाकार म्हणून कवीचा अधिकार आम्हांस मान्यच आहे.

आमचा आक्षेप प्रवाशावर आहे. हाँगकाँगला तो बोटीच्या कठड्याशीं होता आणि मजूर त्याच्या डोळ्यांपुढें होते. कोबेला तो खिडकींत होता आणि त्याच्यापुढें छपरें होतीं. छपराखालीं माणूस असतो हें ह्या महाकवीला सांगावें लागत होतें असें नव्हे; पण त्या पानांवर तो माणूस नाहीं. दुसरें असें कीं, ती खिडकी कोणाची? ज्या व्यापारानें कोबेला नागराक्षस केलें त्याच व्यापारानें तो गुजराती गृहस्थ तेथें आला होता आणि कवीला निवारा देऊं शकला होता. राक्षस पाहणारा त्या राक्षसाच्याच अंगणांत बसला आहे, ही गोष्ट वर्णनांत आली असती तर चित्र अधिक भयंकर झालें असतें, आणि अधिक खरेंहि.

योकोहामाला तर हा प्रकार अधिकच लक्षांत येतो. तेथें रवींद्रनाथ हारा तोमितारो ह्यांच्या सांकेइएन ह्या उद्यानगृहीं कित्येक आठवडे राहिले. जपानी मनाचा संयम आणि रिकाम्या जागेचें सौंदर्य ह्यांविषयीं ह्या प्रवासांत त्यांनीं जें लिहिलें तें कोणाहि रसिकानें पुन्हा पुन्हा वाचावें. पण हारा होते रेशमाचे व्यापारी. तोमिओकाची प्रसिद्ध रेशीमगिरणी १९०२ पासून त्यांच्या मालकीची होती. योकोहामाच्या धक्क्यावरून रेशीम बाहेर गेलें म्हणून त्या उद्यानांत जुने मनोरे आणून उभे करतां आले. कोबेचें कुरूप जपान आणि सांकेइएनचें सुंदर जपान ह्यांचा जमाखर्च एकाच वहींतला होता. रवींद्रनाथांनीं तीं दोन वेगळीं जपानें मानलीं, आणि त्यांच्या मागून गेलेल्या आपल्या बहुतेक प्रवाशांनीं तीच वांटणी मुकाट्यानें पत्करली.

छपरांखालीं काय चाललें होतें? तें सांगणारा माणूस कोबेंतच होता. कागावा तोयोहिको हा ख्रिस्ती धर्माचा तरुण विद्यार्थी १९०९ च्या डिसेंबरांत कोबेच्या शिनकावा ह्या गलिच्छ वस्तींत राहावयास गेला. म्हणजे कवि खिडकीशीं उभा राहिला त्याच्या साडेसहा वर्षें आधीं. १९१८ च्या ऑगस्टांत तांदूळ महागला तेव्हां ह्याच शहरांत सुझुकी ह्या बलाढ्य पेढीची कचेरी जमावानें जाळली. १९२१ मध्यें कावासाकी आणि मित्सुबिशी ह्यांच्या जहाजांच्या कारखान्यांतले सुमारें तीस हजार कामगार संपावर गेले आणि कागावा त्यांच्या पुढाऱ्यांत होता. संप फसला. पुढें १९३९ मध्यें हा कागावा हिंदुस्थानांत येऊन गांधीजींना भेटला. एवढें सगळें रक्तामांसाचें होतें.

आणि आमचा कापूस? तो ओसाकाच्या गिरण्यांत एकटा कधींच जात नसे. आपला आखूड धागा अमेरिकेच्या लांब धाग्यांत किती मिसळावा म्हणजे सूत स्वस्त पडेल आणि तुटणारहि नाहीं, हें जपानी गिरणीवाल्यांनीं शास्त्रासारखें साधलें होतें. तें मिश्रण कातणाऱ्या बहुतेक खेड्यांतल्या मुली होत्या. गिरणीच्याच आवारांत राहत, आणि १९२९ पर्यंत रात्रपाळीहि करीत. होसोई वाकिझो ह्या गिरणीकामगारानें १९२५ मध्यें त्यांच्या हालांवर पुस्तक लिहिलें. इकडे वेचणी बायकांची, तिकडे कताई मुलींची. मधल्या समुद्रावर पुरुषांचे भाडेदर! ह्या योगाकडे एखाद्या प्रवासी लेखकाचें लक्ष जावयास हरकत नव्हती.

१९३३ सालीं हें नातें सर्वांच्या डोळ्यांपुढें आलें. हिंदुस्थान सरकारनें ब्रिटिशेतर कापडावरची जकात शेंकडा ७५ पर्यंत चढविली. उत्तरादाखल जपानी गिरण्यांनीं हिंदी कापसावर बहिष्कार टाकला, आणि मोठें गिऱ्हाईक कांहीं महिने बाजारांतून उठून गेलें. १९३४ च्या करारानें तंटा मिटला: जपाननें वर्षाला दहा लाख गाठी घ्याव्या आणि त्याबद्दल साडेबत्तीस कोटी वार कापड येथें पाठवावें, गाठी पंधरा लाख घेतल्यास कापड चाळीस कोटी वारांपर्यंत. लुगडें घेणाऱ्या बाईला आणि कापूस विकणाऱ्या तिच्या नवऱ्याला एकाच करारांत बांधणारें हें त्रैराशिक होतें.

असें लिहिणें म्हणजे प्रवासवर्णनाची खतावणी करणें होय, असा आक्षेप येईल. त्याला आपल्याच वाङ्मयांत उत्तर आहे. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' १९०७ मध्यें प्रसिद्ध झाला. तो ब्राह्मण दक्षिणा मिळवावयास उत्तरेकडे निघाला होता आणि हें तो लपवीत नाहीं. पैसा किती मिळाला, किती लुटला गेला, हें तो सांगतो. आणि म्हणूनच झांशीच्या वेढ्याचें त्याचें वर्णन विश्वसनीय वाटतें. पदरचा पैसा मोजणारा माणूस रस्त्यावरचा पैसाहि पाहतो. पुढच्या सुशिक्षित प्रवाशानें पैशाचा उल्लेख टाळण्याची सभ्यता उचलली, आणि तिच्याबरोबर अर्धें जग दृष्टीआड झालें. १९६३ च्या 'पूर्वरंग'मधलें जपान मराठी घरांत सर्वांत ओळखीचें आहे. पु. ल. देशपांडे ह्यांचा जीव माणसांत, नाट्यांत आणि कलेंत रमतो. त्यांच्याकडून गोदामांचा हिशेब मागणें अरसिकपणाचें होईल, आणि आम्ही तो मागत नाहीं. मात्र त्यांच्या मागून जाणाऱ्यांनीं त्यांचा विनोद उचलतां येत नाहीं म्हणून फक्त त्यांची वाट उचलावी, हें बरें नव्हे.

आजच्या कोबेंत त्या काळच्या खुणा थोड्या उरल्या आहेत. १९४५ च्या बाँबवर्षावांत शहर जळलें. १७ जानेवारी १९९५ च्या पहांटे भूकंप झाला, त्यांत ६,४३४ माणसें गेलीं आणि जगांतल्या अग्रगण्य बंदरांत गणलें जाणारें हें बंदर मोडून पडलें. १९२३ च्या भूकंपानंतर योकोहामा सोडून अनेक हिंदी व्यापारी येथें आले होते. त्यांच्या देणग्यांचा मोठा हातभार लागून १९३५ मध्यें उभी राहिलेली मशीद दोन्ही संकटांतून वांचली, आणि कितानोच्या चढावर १९८५ पासून जैन मंदिरहि आहे. प्रवासी कंपन्यांच्या पाहुण्यांना त्याच भागांतलीं युरोपीय घरें दाखवितात. थोडें खालीं, समुद्राच्या कांठीं, मेरिकेन नांवाचा धक्का आहे. 'अमेरिकन' ह्या शब्दाचें तें जपानी तोंडांतलें रूप. तेथें भूकंपानें फुटलेल्या धक्क्याचा सुमारें साठ मीटरांचा तुकडा मुद्दाम दुरुस्त न करतां तसाच ठेवला आहे. दिव्यांचे खांब कललेले आहेत, दगडी कांठ खचला आहे, आणि भेगांतून समुद्राचें पाणी आंतबाहेर करीत असतें.