हौशी छायाचित्रणातील साधनप्रतिष्ठा : एक चिकित्सा

प्रास्ताविक :

‘हौस’ या शब्दात एक मोकळेपणा अभिप्रेत आहे. हौशी माणूस पोटासाठी काही करीत नाही, त्यामुळे तो आपल्या छंदात मुक्त असावा अशी अपेक्षा असते. हौशी छायाचित्रणाच्या क्षेत्रात ही अपेक्षा पुरी होताना दिसत नाही. व्यावसायिक छायाचित्रकार कॅमेऱ्याकडे हिशेबाने पाहतो. लग्नसराईत त्याची किंमत वसूल होते की नाही, एवढाच त्याचा प्रश्न असतो. हौशी छायाचित्रकाराला कॅमेऱ्यातून काहीच वसूल करावयाचे नसते आणि नेमक्या याच कारणाने कॅमेरा हा त्याच्या स्थानाचा पुरावा बनतो. छायाचित्र समोर आले की ‘हे काय आहे, कसे दिसले’ असा प्रश्न न येता ‘बॉडी कोणती, लेन्स कोणती’ असा येतो. उत्तर ऐकून मग चित्राकडे पाहण्याची नजर ठरते. या वृत्तीला प्रस्तुत लेखात ‘साधनप्रतिष्ठा’ असे संबोधले असून तिची चिकित्सा येथे केली आहे. चांगल्या अवजाराविषयी कारागिराला वाटणारे प्रेम हा वेगळा विषय आहे. सुताराला आपला रंधा प्रिय असतो, परंतु शेजाऱ्याच्या रंध्यावरून तो त्याच्या खुर्चीची परीक्षा करीत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ साली झाली. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीतील आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक होत. त्या काळी काचेच्या पट्ट्या, रसायने आणि भिंगे परदेशातून येत. त्यामुळे साधन असणे म्हणजेच ऐपत, फुरसत आणि थोडेबहुत रसायनशास्त्र असणे, असा सरळ अर्थ होता. कॅमेरा बाळगणे हीच प्रतिष्ठा असल्याने ‘कोणता कॅमेरा’ हा प्रश्न दुय्यम होता.

१८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांचा कोडॅक कॅमेरा २५ डॉलरला बाजारात आला. त्यात १०० छायाचित्रांचा रोळ भरलेला असे. १९०० साली आलेल्या ब्राउनीची किंमत अवघा १ डॉलर होती. कॅमेरा कोणाच्याही हाती येऊ शकतो असे झाल्यावर त्याच्या मालकीने कोणाचे वेगळेपण सिद्ध होईना. साधनप्रतिष्ठेचा खरा जन्म येथे झाला असे म्हणता येईल. तिपाईवरच्या मोठ्या कॅमेऱ्याचे उपासक हातातल्या कॅमेऱ्याला खेळणे समजू लागले. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ हे त्या काळातील कलात्मक छायाचित्रणाचे अग्रणी. त्यांनी २२ फेब्रुवारी १८९३ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर हिमवादळात तीन तास उभे राहून एक घोडागाडी टिपली, ती अशाच हातातल्या कॅमेऱ्याने. आणि तोही उसना आणलेला होता. १८९७ साली त्यांनी या तुच्छ मानलेल्या कॅमेऱ्याची बाजू घेणारा लेखही लिहिला.

याहून बोलके उदाहरण लायकाचे आहे. ऑस्कर बार्नाक यांनी चित्रपटाच्या फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा तयार केला आणि लाइट्झ कंपनीने तो १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत मांडला. त्याच्या निगेटिव्हचा आकार ३६ × २४ मिलिमीटर होता. त्या वेळी वृत्तछायाचित्रकारांच्या वापरात असलेल्या ९ × १२ सेंटिमीटरच्या काचेशी तुलना केल्यास हे क्षेत्रफळ साडेबारा पटींनी लहान भरते. त्यामुळे त्याला ‘मिनिएचर’ म्हणत, आणि त्या शब्दात थोडी हेटाळणीही होती. आज हाच ३६ × २४ चा आयत ‘फुल फ्रेम’ म्हणून मिरवतो आणि त्याहून लहान सेन्सरला ‘क्रॉप’ असे म्हटले जाते. आयत तोच असताना शंभर वर्षांत अपुरा होता तो पूर्ण झाला. कोणत्या आकाराला ‘पूर्ण’ म्हणावे हे प्रकाशशास्त्र ठरवीत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. आणि ज्याच्या हाती ‘क्रॉप’ आहे त्याला आपले चित्रही कोठेतरी कापलेले आहे असे वाटू लागते.

साधनाचे खरे मोल :

साधनाने काहीच फरक पडत नाही असे म्हणणे मात्र असत्य ठरेल. उजनी जलाशयाच्या भिगवण परिसरात पहाटे होडीतून रोहित पक्षी टिपणाऱ्याला, किंवा ताडोबात सांजावताना जिप्सीतून वाघ टिपणाऱ्याला भिंगाच्या छिद्राचे मोल पुरते ठाऊक असते. ६०० मिलिमीटरची एफ/४ लेन्स ही एफ/६.३ च्या झूम लेन्सपेक्षा सुमारे अडीचपट प्रकाश आत घेते. अंधुक उजेडात चित्र हलणे आणि न हलणे यांतला हा फरक असू शकतो. परंतु त्यासाठी मोजावी लागणारी किंमत दहापटीच्या आसपास असते, दहा लाख रुपयांच्या पुढे जाते. दुपारच्या लख्ख उन्हात तर या अडीचपटीची गरजच उरत नाही. तरीही होडीत कोण कोठे बसणार आणि कोणाच्या सूचनेवरून नावाडी होडी वळवणार, हे पुष्कळदा भिंगाच्या लांबीवर ठरते.

मेगापिक्सेलचा हिशेबही असाच करून पाहण्यासारखा आहे. संगणकाच्या साध्या एचडी पडद्यावर सुमारे २० लाख बिंदू असतात. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख. प्रदर्शनासाठी १२ × १८ इंची मुद्रित करावयाचे झाल्यास, इंचाला ३०० बिंदू धरून, दोन कोटींहून किंचित कमी बिंदू पुरतात. सर्वसामान्य कॅमेऱ्याने ही मर्यादा केव्हाच ओलांडली आहे. याउपर जे विकत घेतले जाते त्यातील मोठा भाग कधीही कोणाच्या डोळ्यांस दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी पैसे मोजण्यात एक प्रकारची श्रद्धा आहे, आणि श्रद्धेची चेष्टा करू नये. तिला सौंदर्यदृष्टी म्हणणे मात्र चुकीचे आहे.

समाजशास्त्रीय अन्वय :

थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ साली दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. साधनप्रतिष्ठेला ती लागू पडते, पण पुरी पडत नाही. कारण दहा लाखांची लेन्स सामान्य माणसाला ओळखूच येत नाही. ती ओळखणारा प्रेक्षक म्हणजे दुसरा हौशी छायाचित्रकार. येथे पिअर बोर्द्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी छायाचित्रणावर केलेला अभ्यास अधिक उपयोगी पडतो. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथामागील संशोधनाला कोडॅकच्या फ्रेंच कंपनीचे साहाय्य होते, ही गंमत जाता जाता नमूद करावी. फ्रान्समधील कॅमेरा क्लबांची पाहणी करताना या अभ्यासकांना असे दिसले की, वरच्या वर्गाचे क्लब चित्रकलेची भाषा बोलतात आणि तंत्राचा उल्लेख टाळतात, तर खालच्या वर्गाचे क्लब तंत्रातच आपला अभिमान शोधतात.

हे लक्षात घेतल्यास साधनप्रतिष्ठेकडे थोड्या सहानुभूतीनेही पाहता येते. ज्याला कलाशिक्षणाचा वारसा नाही, अवकाश, पोत, छायाप्रकाश या शब्दांत बोलण्याचा सराव नाही, त्याला लेन्सचे आकडे हा एक भक्कम आधार वाटतो. आकड्यांबद्दल चूक-बरोबर ठरवता येते. चित्राबद्दल बोलताना उघडे पडण्याची भीती असते. याउलट ‘कॅमेऱ्याने काय होते, नजर हवी’ असे सांगणारा पुष्कळदा उत्तम साधने वापरून झालेला असतो. मोबाइलवर किंवा जुन्या फिल्मवर काम करण्याचा त्याचा आग्रह हीदेखील एक प्रतिष्ठाच असते, फक्त ती अधिक सुशिक्षित असते.

बाजाराने हे दोन्ही सूर ओळखले आहेत. आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायकाचा चकाकता भाग काळ्या पट्टीने झाकीत, कारण रस्त्यावर कोणाचे लक्ष जाऊ नये ही कामाची गरज होती. २०१५ साली लायकाने गायक लेनी क्रॅविट्झ यांच्या सहयोगाने १२५ संचांची एक आवृत्ती काढली. तीत कॅमेऱ्याचा काळा रंग कारखान्यातच हाताने झिजवून आतले पितळ उघडे केले होते. वर्षानुवर्षे वापरल्याची खूण कोऱ्या वस्तूबरोबर विकत मिळू लागली. २०२२ साली बार्नाक यांच्या स्वतःच्या वापरातील जुन्या लायकाला लिलावात १ कोटी ४४ लाख युरो मिळाले. त्या कॅमेऱ्याने टिपलेल्या एखाद्या चित्राचे नाव मात्र ही बातमी वाचणाऱ्या किती जणांना सांगता येईल, हा प्रश्नच आहे.

साधनावरून माणसाची योग्यता ठरवण्याची सवय उलट दिशेनेही चालते. होमाई व्यारावाला यांची आरंभीची छायाचित्रे पतीच्या नावाने प्रसिद्ध झाली. साडी नेसलेल्या बाईच्या हाती कॅमेरा पाहून लोकांना ती मिरवते आहे असे वाटे. या गैरसमजाचा आपल्याला फायदाच झाला, संवेदनशील जागीही जाता आले, असे त्यांनी पुढे सांगितले. म्हणजे साधन हाती असणेही पुरेसे नव्हते, ते कोणाच्या हाती आहे हे आधी पाहिले जात होते. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

मराठीत छायाचित्रसमीक्षेची परंपरा क्षीण आहे. चित्रकलेवर, नाटकावर, चित्रपटावर मराठीत गंभीर लेखन झाले. छायाचित्रावर त्या मानाने फारच थोडे. ही पोकळी साधनांच्या भाषेने भरून काढली आहे. महाविद्यालयीन विद्यार्थी आपल्या साध्या कॅमेऱ्याने टिपलेले आठवडे-बाजाराचे चित्र दाखवतो तेव्हा त्याला मिळणारा सल्ला बहुधा खरेदीचा असतो. चौकटीच्या कडेला अर्धवट कापली गेलेली म्हातारी तेथे असावी की नसावी, यावर कोणी बोलत नाही. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याच्यापाशी दुसरे शब्द नसतात. विद्यार्थी मात्र एकतर कर्ज काढतो किंवा छंद सोडतो.

प्रदर्शनांतून आणि छायाचित्रांच्या अंकांतून चित्राखाली कॅमेरा, लेन्स, शटरवेग, छिद्र आणि आयएसओ छापण्याची प्रथा रुळली आहे. शिकणाऱ्याला तिचा उपयोग होतो, त्यामुळे ती बंद करावी असे नाही. छायाचित्रकार त्या जागी किती वेळ थांबला, त्याआधी तेथे किती वेळा जाऊन आला आणि उभा कोठे होता, हेही त्याच ओळीत छापता येण्यासारखे आहे. स्टिग्लिट्झ यांच्या चित्राखाली ‘तीन तास, हिमवादळ, कॅमेरा उसना’ एवढेच लिहावे लागले असते.