तेइकाचे अक्षर : सुलेखन आणि पाठरक्षण

मध्ययुगीन जपानी काव्यहस्तलिखितांचा विचार बहुधा सौंदर्यशास्त्राच्या अंगाने केला जातो. सोन्याचांदीचा वर्ख शिंपडलेला रंगीत कागद, प्रवाही 'काना' अक्षरे आणि कमीअधिक उंचीवर विखुरलेल्या ओळी हे हेइआन काळातील (७९४–११८५) दरबारी लेखनाचे वैभव होय. या मापाने फुजिवारा नो तेइका (११६२–१२४१) या कवीचे अक्षर उणेच ठरते. ते ठेंगणे, जाड-बारीक फटकाऱ्यांचे आणि बरेचसे सुटे आहे. 'मेइगेत्सुकी' या रोजनिशीत त्याने स्वतःच आपल्या अक्षराला राक्षसाची उपमा दिली आहे.

तथापि हे माप येथे गैरलागू आहे. तेइका सुलेखनकार म्हणून नव्हे, तर पाठाचा रक्षक म्हणून लिहीत होता. इ.स. ९०५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या 'कोकिन वाकाशू' या संग्रहाच्या त्याने अनेक प्रती केल्या. त्यांपैकी १२२६ ची प्रत क्योतोच्या रेइझेइ घराण्याच्या संग्रहात आजही सुरक्षित आहे. मधल्या तीन शतकांत उच्चार बदलले होते, काही ध्वनी एकरूप झाले होते. साहजिकच शुद्धलेखनात गोंधळ माजला होता. 'गेकान्शू' या छोटेखानी पुस्तिकेत त्याने यासाठी नियम सांगितले. अक्षरे जोडताना शब्दाची सीमा मोडू नये, वाचकाला पदे सहज उकलावीत, हा त्याचा आग्रह होता. प्रवाही रेषेच्या मोहात नेमकी हीच सीमा पुसली जाते. त्याच्या अक्षराचा सुटेपणा हा हाताचा दोष कमी आणि वाचनाविषयीची भूमिका अधिक आहे, असे म्हणावे लागते.

पुढील काळाने मात्र त्याला उलटा न्याय दिला. सोळाव्या शतकात चहागृहाच्या भिंतीवर त्याच्या नावाने ओळखली जाणारी काव्यपत्रे टांगली जाऊ लागली. कोबोरी एन्शू (१५७९–१६४७) या चहागुरूने तर तीच शैली आत्मसात केली. वाचण्यासाठी लिहिलेले अक्षर पाहण्याची वस्तू बनले! मागणी वाढली तशी जुनी हस्तलिखिते कापली गेली. या तुकड्यांना 'कोहित्सुगिरे' म्हणतात. 'कोकिन वाकाशू'त वसंताची चाहूल ते फुलांची गळती असा कवितांचा क्रम अर्थपूर्ण असतो. ३१ ध्वनिमात्रांची एकच कविता सुटी केली की तिचे शेजारच हरपते. ही प्रथा विसाव्या शतकापर्यंत टिकली. १९२९ मध्ये निशी होंगान्जी मंदिराकडील बाराव्या शतकातील काव्यसंचाचे दोन खंड स्त्रीशिक्षणासाठी निधी उभारण्याकरिता पानापानाने विकले गेले. हेतू स्तुत्य होता. ती पाने आज वेगवेगळ्या संग्रहांत विखुरली आहेत.